मरीन टाकीतील शेवाळ : घाईचे औषध आणि सबुरीचा इलाज

मुंबईत क्रॉफर्ड मार्केट आणि कुर्ला येथे शोभेच्या माशांची दुकाने आहेत. मासे विकणाऱ्यांखेरीज इतरही पुष्कळ लोकांची रोजी या धंद्यावर चालते. काच कापून टाकी जोडणारे कारागीर, टाकीखालचे कपाट करणारे सुतार, दिवे आणि पंप बसवणारे इलेक्ट्रिशियन, आणि दर आठवड्याला घरोघरी, हॉटेलांत, दवाखान्यांत जाऊन टाक्या साफ करणारे देखभालवाले. गोड्या पाण्याची टाकी सांभाळणे त्या मानाने सोपे असते. गिऱ्हाईक खाऱ्या पाण्याची, म्हणजे बाजाराच्या भाषेत मरीन टाकी मागू लागले की कमाई वाढते, तशी जबाबदारीही वाढते. या जबाबदारीची पहिली परीक्षा शेवाळ घेते. टाकी बसवून महिना-दोन महिने होतात, काचेवर तपकिरी थर चढतो, दगडांवर हिरवे केस उगवतात आणि गिऱ्हाइकाचा फोन येतो. त्या फोनला आपण काय उत्तर देतो यावर टाकीतल्या जिवांचे आणि आपल्या धंद्याचे पुढे काय होणार ते ठरते.

आम्ही पहिल्यांदा चुकीचे उत्तर दिले होते. ती हकीकत आधी सांगतो, म्हणजे पुढच्या गोष्टी पुस्तकी वाटणार नाहीत.

एका रात्रीची किंमत

एका हॉटेलात आम्ही चार फुटी टाकी बसवली होती. तिच्यात क्लाउन माशांची एक जोडी, थोडे डॅमसेल मासे, एक समुद्रफूल, दोन क्लीनर कोळंब्या आणि वीसेक गोगलगाई होत्या. तिसऱ्या महिन्यात दगडांवर हिरवे केसाळ शेवाळ वाढले. मॅनेजर म्हणाले, "भाई, शुक्रवारी पार्टी आहे. तोवर टाकी चकाचक पाहिजे." हातात तीन दिवस होते. आम्ही दुकानातली शेवाळ मारण्याची बाटली उचलली आणि झाकणभर औषध टाकीत ओतले. ते औषध गोड्या पाण्यासाठी होते आणि त्यात तांब्याचा क्षार होता. बाटलीवरचे बारीक अक्षर आम्ही वाचले नव्हते.

सकाळी जाऊन पाहतो तो दोन्ही कोळंब्या आडव्या पडलेल्या, गोगलगाई काचेवरून सुटून वाळूत उताण्या झालेल्या, समुद्रफूल मुठीएवढे आक्रसलेले. मासे मात्र फिरत होते, कारण तांब्याचे जे प्रमाण मासा सोसतो ते कोळंबी, गोगलगाय आणि समुद्रफूल यांना मारते. म्हणूनच माशांच्या आजारावर तांबे द्यायचे झाले तरी ते वेगळ्या टाकीत देतात. तांबे दगडांत आणि वाळूत मुरते आणि पुढे हळूहळू पाण्यात उतरत राहते. आम्ही सारे दगड आणि वाळू काढून टाकली आणि टाकी स्वतःच्या खर्चाने पुन्हा बसवून दिली. शेवाळ, अर्थात, दोन महिन्यांनी परत आले.

तेव्हा आम्ही या धंद्यात केस पांढरे झालेल्या एका उस्तादांकडे गेलो. त्यांनी औषधाचे नावही विचारले नाही. ते म्हणाले, "टाकीत रोज काय घालता आणि आठवड्याला काय काढता, तेवढे लिहून आणा बेटा. शेवाळ का आले ते त्यातच दिसेल."

शेवाळ म्हणजे थकलेली बाकी

उस्तादांचे म्हणणे व्यापाऱ्याला चटकन समजते. टाकी हे एक खाते आहे. माशांना घातलेले खाद्य ही जमेची बाजू. त्यातले थोडे माशाच्या अंगी लागते, बाकीचे विष्ठेच्या आणि कुजलेल्या उष्ट्याच्या रूपाने पाण्यात उतरते. त्यापासून अमोनिया होतो, जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि मग नायट्रेट. खाद्यातला फॉस्फेटही पाण्यात येतो. नायट्रेट आणि फॉस्फेट हेच शेवाळाचे खत. समुद्रात हे खत अथांग पाण्यात विरून जाते. आपल्या टाकीत ते साठते. वर दिवा जळत असतो. खत आणि उजेड एकत्र आले की शेवाळ उगवणारच.

म्हणून शेवाळ दिसले की ते मारण्याआधी जमा कोठून होते आणि वजा का होत नाही हे पाहावे. औषधाने शेवाळ मेले तरी त्याने शोषलेले खत कुजून पुन्हा पाण्यातच येते. बाकी तशीच राहते, फक्त खात्याचे पान बदलते.

येथे एक फसगत ध्यानात ठेवावी. टाकी हिरवीगार असताना टेस्ट किट कधी कधी नायट्रेट शून्य दाखवते. तेव्हा पाणी शुद्ध आहे असे समजू नये. खत शेवाळाने आधीच खाऊन टाकलेले असते, म्हणून ते पाण्यात सापडत नाही.

आधी ओळख, मग इलाज

टाकीत वाढणारे सगळे काही एक नसते. हाताने, नजरेने आणि भिंगाने ओळख करून घ्यावी.

तपकिरी, पुसल्यावर सहज निघणारी पूड काचेवर आणि वाळूवर दिसली तर ते डायटम होत. नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत ते येतातच. पाण्यातल्या सिलिकेटवर ते जगतात आणि ते संपले की बहुधा आपोआप ओसरतात. त्यांच्यासाठी घाबरून काही ओतू नये.

हिरवे केसाळ शेवाळ खताची बाकी दाखवते. केसांऐवजी पिसासारखी रचना भिंगाखाली दिसली तर ते ब्रायॉप्सिस. ते फार चिवट असते.

दगडाच्या फटीत हिरव्या काचेच्या मण्यांसारखे फुगे दिसले तर ते बुडबुडा शेवाळ. ते टाकीत फोडू नये, मुळासकट सोडवून नळीने ओढून घ्यावे.

लाल किंवा जांभळट, सायीसारखा पापुद्रा वाळूवर पसरला तर ते शेवाळ नव्हेच. ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे उजेडावर जगणारे जिवाणू. पाण्याचा प्रवाह मंद असलेल्या कोपऱ्यात आणि कुजका गाळ साठलेल्या जागी ते आधी धरतात.

तपकिरी, शेंबडासारखे ताणणारे धागे, त्यांच्यात अडकलेले हवेचे बुडबुडे, आणि ते खाऊन मरणाऱ्या गोगलगाई, अशी लक्षणे असली तर डायनोफ्लॅजेलेटचा संशय घ्यावा. हे पुष्कळदा नायट्रेट आणि फॉस्फेट अगदी शून्यावर नेलेल्या टाकीत येतात. जास्त औषध, जास्त सफाई करणाऱ्याच्या हातूनच ही आफत ओढवते.

आणि दगडावरचा गुलाबी-जांभळा, टणक, चुन्यासारखा थर मात्र कधीही खरवडू नये. तो कोरलाइन जातीचा शेवाळच, पण चांगला. तो जागा व्यापून ठेवतो आणि टाकीची प्रकृती ठीक असल्याची खूण देतो.

पाणी : पहिली चोरवाट

आमच्या वहीत पहिली चूक पाण्याची निघाली. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत सुमारे 255 लिटर मावते. दगड-वाळू वजा करता खरे पाणी 200 लिटरच्या आसपास. पंखा लावलेल्या अशा टाकीतून रोज तीन लिटर पाणी उडते असे धरू. उडते ते शुद्ध पाणी, मीठ मागे राहते. त्याच्या जागी आम्ही नळाचे पाणी घालत होतो. महिन्याला 90 लिटर. त्या 90 लिटरमधला फॉस्फेट, सिलिकेट, नायट्रेट सारे टाकीतच साठत गेले. टँकरचे किंवा बोअरचे पाणी असेल तर आणखी पंचाईत.

उडालेल्या पाण्याची भर फक्त शुद्ध केलेल्या गोड्या पाण्याने करावी. आर.ओ. यंत्रापुढे डी-आयनायझरची नळी जोडावी आणि टी.डी.एस. मापकावर आकडा शून्य येतो ना ते पाहावे. घरच्या पिण्याच्या आर.ओ.वर विसंबू नये. पुष्कळ यंत्रांत चवीसाठी थोडे कच्चे पाणी परत मिसळण्याची सोय असते.

समुद्राचे पाणी चौपाटीवरून आणण्याचा मोह टाळावा. किनाऱ्याजवळचे पाणी सांडपाण्याने खतावलेले असते आणि पावसाळ्यात त्याचा खारेपणाही उतरतो. मत्स्यालयाचे मीठ वापरावे, लिटरला सुमारे 35 ते 38 ग्रॅम, आणि खारेपणा 35 भागांवर, म्हणजे विशिष्ट गुरुत्व 1.025 ते 1.026 वर ठेवावा. खाण्याचे मीठ चालत नाही.

पाणी बदलण्याचा हिशेबही नीट समजावा. नायट्रेट 40 असताना दहा टक्के पाणी बदलले की ते 36 वर येते, शून्यावर नव्हे. चार आठवडे दर आठवड्याला दहा टक्के बदलले आणि नवीन भर पडली नाही, तर 26 च्या आसपास. गिऱ्हाईक म्हणते, "अर्धे पाणी एकदम बदला." त्याने आकडा लवकर उतरतो, पण तापमान, खारेपणा आणि क्षार यांचा धक्का समुद्रफुलाला आणि कोळंबीला बसतो. दर आठवड्याचे दहा टक्के, न चुकता, हाच नियम आम्ही धरला.

खाद्य, हात आणि दिवा

दुसरी चूक खाद्याची होती. हॉटेलातला प्रत्येक वेटर कौतुकाने चिमूटभर टाकत होता. आम्ही खाद्याचा डबा एकाच माणसाच्या ताब्यात दिला. दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य घालायचे असे ठरले. गोठवलेले खाद्य वितळवून गाळणीत धुवावे, त्याचे पाणी टाकीत ओतू नये.

मग हाताचे काम. नवा, साबण न लागलेला दात घासण्याचा ब्रश घ्यावा आणि नळी तोंडाशी धरूनच शेवाळ घासावे, म्हणजे सुटलेले तुकडे पाण्यात न पसरता बादलीत जातात. सुटा दगड असेल तर टाकीच्याच पाण्याच्या बादलीत घासून परत ठेवावा. टाकीबाहेर काढलेली मूठभर शेवाळ म्हणजे बाहेर गेलेले मूठभर खत. याहून स्वस्त औषध बाजारात नाही. आम्ही दर आठवड्याला अर्धा तास यालाच देतो.

दिवा सहा ते आठ तासांवर आणावा आणि टायमर लावावा. माणसाच्या हातात बटण ठेवले की हॉटेलात दिवा रात्री बारापर्यंत जळतो. खिडकीचे ऊन टाकीवर पडत असेल तर पडदा लावावा.

प्रवाहही पाहावा. दगडांमागे गाळ साठत असेल तर पॉवरहेडचे तोंड वळवावे. प्रोटीन स्किमरचा कप दर दोन-तीन दिवसांनी धुवावा. त्यातला काळा फेस म्हणजे कुजण्याआधीच वजा झालेली बाकी.

समुद्रफूल आणि कोळंबी असलेल्या टाकीत नायट्रेट दहाच्या आत आणि फॉस्फेट दशांशाच्या आत, म्हणजे 0.1 च्या खाली, हे आमचे उद्दिष्ट. पण शून्य नव्हे. फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे वापरायचे तर थोडे घालून हळूहळू वाढवावे, एकदम खाली ओढू नये. टाकीखाली जागा असेल तर एका कप्प्यात केटोमॉर्फा नावाचे गुंतवळ्यासारखे शेवाळ वाढवावे आणि त्यावरचा दिवा रात्री चालू ठेवावा. नको तेथे उगवणारे शेवाळ ज्या खतावर जगते ते हे खाते, आणि महिन्याकाठी त्याचा गुच्छ कापून फेकला की खतही बाहेर जाते.

जिवंत कामगार

गोगलगाई, खेकडे आणि काही मासे शेवाळ खातात. पण त्यांना आणून सोडले की काम झाले असे नाही. चार फुटी टाकीला सुरुवातीला दहा-बारा गोगलगाई पुरेत. एकदम पन्नास सोडल्या तर शेवाळ संपल्यावर त्या उपाशी मरतात आणि मेलेली गोगलगाय पाणी बिघडवते. नवीन गोगलगाय थेंब-थेंब पाणी देत तासभर सवयीला ठेवावी, कारण खारेपणाचा फरक तिला सोसत नाही. उलटी पडलेली दिसली तर हाताने सुलटी करावी, काही जातींना ते स्वतःहून जमत नाही. संन्यासी खेकडे ठेवल्यास मोकळे शंख टाकावेत, नाहीतर घरासाठी ते गोगलगाईलाच मारतात. सॅलॅरियास जातीची ब्लेनी शेवाळ खरवडून खाते. सर्जन जातीचे मासेही खातात, परंतु त्यांना पोहायला लांब टाकी लागते. शेवाळासाठी लहान टाकीत सर्जन मासा कोंबणे म्हणजे एका जिवाला त्रास देऊन आपले काम काढणे होय.

खरेदी करताना कायदाही पाहावा. 2001 मध्ये दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात घालण्यात आले. ट्रोकस निलोटिकस आणि टर्बो मार्मोरेटस या मोठ्या शंखांच्या जातीही त्याच वर्षी कायद्याच्या यादीत आल्या. 2022 च्या दुरुस्तीने परिशिष्टांची मांडणी बदलली. पुरवठादार नुसते "टर्बो आहे, शेवाळ खातो" म्हणाला तर थांबावे. जातीचे नाव आणि बिल मागावे, शंका असल्यास माल घेऊ नये. क्लाउन मासे शक्यतो टाकीत पैदास केलेले घ्यावेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ही पैदास आपल्या देशात यशस्वी करून दाखवली आहे. असे मासे बंदिस्त पाण्याला आणि सुक्या खाद्याला सरावलेले असतात.

औषध द्यायचेच तर

औषध कधीच देऊ नये असे आमचे म्हणणे नाही. ब्रायॉप्सिसवर फ्लुकोनाझोल हे बुरशीचे औषध लागू पडते असा मरीन टाकी पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. लाल पापुद्र्यावर काही जण एरिथ्रोमायसिन देतात, पण ते जिवाणूंवरचे औषध असल्याने अमोनिया पचवणाऱ्या चांगल्या जिवाणूंनाही धोका पोचू शकतो. त्याऐवजी तीन दिवस टाकी जाड कापडाने झाकून पूर्ण अंधार करावा, हवेचा पंप चालू ठेवावा, खाद्य अगदी थोडे द्यावे आणि नंतर मेलेला थर नळीने ओढून दहा-पंधरा टक्के पाणी बदलावे. लाल पापुद्र्यावर याचा पुष्कळदा गुण येतो. पण गाळ आणि मंद प्रवाह तसाच राहिला तर तो पुन्हा येतो.

कोणताही इलाज असो, एक धोका सारखाच. शेवाळ एकदम मेले की ते कुजते, कुजताना पाण्यातला प्राणवायू खाते आणि अमोनिया सोडते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात कोमट खाऱ्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी असतो. रात्री दिवा बंद असताना तो आणखी उतरतो. म्हणून मासे पहाटे मरतात. आधी हाताने जितके निघेल तितके काढावे, मगच औषध. मात्रा टाकीच्या मापावर नव्हे, खऱ्या पाण्याच्या लिटरवर मोजावी. तांबे असलेली बाटली मरीन टाकीच्या जवळही आणू नये. विजेचा भरवसा नसेल तेथे बॅटरीचा हवापंप हाताशी असावा.

टाकी जोडणाऱ्या कारागिरांसाठी

शेवाळाचा अर्धा बंदोबस्त टाकी करतानाच होतो. दगड मागच्या काचेला टेकणार नाहीत एवढी रुंदी टाकीला द्यावी, म्हणजे मागून पाणी खेळते. खालच्या सम्पमध्ये स्किमर आणि केटोमॉर्फा यांच्यासाठी वेगळे कप्पे काढावेत. बुरशीरोधक मिसळलेले न्हाणीघराचे सिलिकॉन वापरू नये, मत्स्यालयाला चालणारे साधे सिलिकॉन घ्यावे आणि ते पुरते वाळू द्यावे. पितळेचा कॉक, तांब्याची तार, गंजणारा स्क्रू पाण्याला लागता कामा नये. आम्ही एका रात्रीत जे तांबे ओतले तेच चुकीचा कॉक वर्षभर थेंबाथेंबाने ओततो.

गिऱ्हाइकाला काय सांगावे

हॉटेलातली टाकी आम्ही दुसऱ्यांदा या रीतीने सांभाळली. पहिल्या तीन आठवड्यांत फारसा फरक दिसला नाही. मॅनेजर नाराज होते. आम्ही त्यांना वही दाखवली: तारीख, नायट्रेट, फॉस्फेट, बदललेले पाणी, काढलेले शेवाळ. आकडे उतरताना दिसले तसे ते शांत झाले. दोन महिन्यांनी दगडांवर गुलाबी थर धरू लागला, केसाळ शेवाळ कोपऱ्यापुरते उरले आणि गोगलगाई एकही गेली नाही.

आता टाकी विकतानाच आम्ही सांगतो: पहिले दोन-तीन महिने टाकी कुरूप दिसेल, त्यात तपकिरीही येईल आणि हिरवेही येईल. ऐकून एखादे गिऱ्हाईक परत जाते. जे राहते ते वर्षानुवर्षे टिकते. देखभालीचा महिना ठरवताना टेस्ट किट, मीठ आणि शुद्ध पाणी यांचा खर्च त्यात उघड लिहावा. तो लपवून दर पाडणारा माणूस शेवटी बाटलीकडेच वळतो.

काचेपलीकडचा जीव बोलत नाही. पाण्यात काय घातले ते त्याला विचारता येत नाही, आणि गिऱ्हाइकालाही ते कळत नाही. ते फक्त आपल्याला माहीत असते. ही अमानत आहे. त्या हॉटेलातल्या दोन कोळंब्यांचे पैसे आम्ही भरले, पण तो हिशेब आम्ही अजून मिटला असे मानत नाही. शुक्रवारच्या पार्टीची घाई कोणाला असेल तर त्याला काच पुसून द्यावी, दगड घासून द्यावेत आणि बाकीच्यासाठी दोन महिने मागावेत.